अपग्रेडनंतर साइट बंद? सर्व्हरच्या मागच्या खिडकीचा धडा

ज्यांनी या आठवड्याचा व्हिडिओ पाहिला त्यांच्यासाठी हा लेख म्हणजे उजळणी. ज्यांना दुकानात बसून आवाज लावता येत नाही त्यांच्यासाठी हा पूर्ण धडा. एक सूचना आधीच देतो. सेटिंग्जची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करायची वेळ आली तर स्पेलिंग व्हिडिओतल्या स्क्रीनवरून घ्या, कानाने ऐकून टाइप करू नका.

समजा तुमचं सावेडीत शेती अवजारांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पारनेर, राहुरी, शेवगाव, अगदी जामखेडपर्यंतचे शेतकरी साइटवरून ऑर्डर टाकतात. दिवसाला ४० ऑर्डर, सरासरी ६०० रुपयांची एक, म्हणजे २४,००० रुपयांचा धंदा साइटवरून होतो. डेव्हलपर सांगतो, "दादा, आज रात्री फ्रेमवर्क अपग्रेड करतो, फार काही नाही, शेवटचा आकडा बदलतोय." सकाळी साइट बंद. तुम्ही फोन करता. तासाभरात त्याचा मेसेज येतो, "चालू झालं." तुम्ही साइट उघडून बघता, खरंच चालू झालेलं असतं. विषय संपला असं वाटतं.

आजचा धडा त्या "चालू झालं" या दोन शब्दांबद्दल आहे. अशी बंद पडलेली साइट दोन तऱ्हेने चालू करता येते. एकीत तुमचं दुकान आधीपेक्षा सुरक्षित होतं. दुसरीत ज्या भगदाडामुळे अपग्रेड करावं लागलं तेच भगदाड पुन्हा उघडून ठेवलेलं असतं. तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून "हे प्रोग्रामरचं काम" म्हणून सोडून देता येत नाही. कोड लिहायचा नाहीये आपल्याला. पण गवंड्याला "भिंत ओळंब्यात आहे का" एवढं तरी विचारता आलं पाहिजे की नाही?

खिडकी कुठली, चिठ्ठी कसली

आपल्याकडे जुन्या पेठेतलं दुकान कसं असतं आठवा. पुढे काउंटर, मागे गोदाम, मध्ये एक छोटी खिडकी. गिऱ्हाईक काउंटरवर येतं. काउंटरवरचा माणूस चिठ्ठी लिहितो आणि खिडकीतून आत सरकवतो. आतला माणूस माल काढून देतो. गिऱ्हाइकाला गोदाम कधी दिसत नाही.

जावामध्ये बनवलेल्या पुष्कळ साइट्स अशाच उभ्या असतात. पुढचा काउंटर म्हणजे अपाचे किंवा एन्जिन्एक्स नावाचा वेब सर्व्हर. मागचं गोदाम म्हणजे टॉमकॅट नावाचा सर्व्हर, ज्यात तुमचं खरं ॲप्लिकेशन चालतं. टॉमकॅटला बाहेरून मागणी ज्या खिडकीतून येते तिला कनेक्टर म्हणतात. एका गोदामाला अशा दोन-तीन खिडक्या असू शकतात आणि प्रत्येकीला नंबर असतो, त्याला पोर्ट म्हणतात. ८०८० ही साधी एचटीटीपीची खिडकी. ८००९ ही एजेपीची. एजेपी म्हणजे अपाचे जेसर्व्ह प्रोटोकॉल, म्हणजे काउंटर आणि गोदाम यांच्यातली शॉर्टहँड. गिऱ्हाईक कुठून आलं, त्याचं कनेक्शन सुरक्षित होतं का, ही माहिती त्या शॉर्टहँडमध्ये आपोआप आत जाते. म्हणूनच जुन्या लोकांना ती आवडायची.

यात एक गृहीतक दडलेलं आहे. खिडकीतून आलेली चिठ्ठी आपल्याच माणसाची, असं गोदाम धरून चालतं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आतला माणूस फार तपासत नाही.

आता फ्रेमवर्क. स्प्रिंग बूट हे जावातलं खूप वापरलं जाणारं वेब फ्रेमवर्क. दिवाळीच्या फराळाच्या तयार बॉक्ससारखं समजा. तुम्ही बॉक्स विकत घेता, पण आत चिवडा एकाचा असतो, शंकरपाळी दुसऱ्याची. स्प्रिंग बूटच्या बॉक्समध्ये टॉमकॅट आतच भरलेला येतो. बॉक्सची आवृत्ती बदलली की आतला टॉमकॅटही बदलतो. लेबलवर फक्त शेवटचा आकडा बदललेला असतो, पण आत चिवड्याची पूर्ण रेसिपी बदललेली असू शकते. आणि इथेच लोक फसतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये काय झालं

ही काल्पनिक गोष्ट नाही. चायटिन टेक नावाच्या चिनी सुरक्षा कंपनीने टॉमकॅटच्या एजेपी खिडकीतला दोष शोधला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो जगासमोर आला. नाव पडलं घोस्टकॅट. अधिकृत नोंदीचा क्रमांक सीव्हीई-२०२०-१९३८. दोष असा होता: टॉमकॅट इन्स्टॉल केला की ८००९ ची खिडकी आपोआप उघडी असायची, आणि ती फक्त काउंटरच्या बाजूला नाही, तर मागच्या बोळातही उघडायची. फायरवॉल लावलेली नसेल तर इंटरनेटवरचा कोणीही त्या खिडकीत चिठ्ठी सरकवू शकत होता. गोदाम चिठ्ठीवर विश्वास ठेवणारं. त्यामुळे परका माणूस ॲप्लिकेशनच्या फोल्डरमधल्या फाइल्स वाचू शकायचा. ज्या फाइल्समध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो त्यासुद्धा त्यात आल्या. आणि गिऱ्हाइकांनी अपलोड केलेल्या फाइल्स त्याच फोल्डरमध्ये साठवत असाल, तर त्याने आपणच अपलोड केलेली फाइल प्रोग्राम म्हणून चालवणंही शक्य होतं. म्हणजे फोटोच्या नावाखाली चोर गोदामात उतरवायचा.

दुरुस्ती आली टॉमकॅट ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ मध्ये. त्याच महिन्याच्या शेवटी स्प्रिंग बूट २.२.५ आणि २.१.१३ आले. त्यांच्या बॉक्समध्ये टॉमकॅट ९.०.३१ होता. २.२.४ वरून २.२.५ म्हणजे कागदावर अगदी किरकोळ बदल. पण ज्यांनी आपल्या कोडमध्ये एजेपी कनेक्टर जोडलेला होता त्यांचं ॲप्लिकेशन सुरूच होईना.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. स्प्रिंग बूट स्वतःहून एजेपीची खिडकी उघडत नाही. तुमच्या डेव्हलपरने मुद्दाम जोडली असेल तरच ती असते. त्यामुळे सगळ्यांनी घाबरायचं कारण नाही. पहिला प्रश्न साधाच: "आपल्याकडे एजेपी आहे का?" उत्तर "नाही" असेल, आणि दाखवून दिलं असेल, तर खालचा निम्मा लेख तुम्हाला लागू नाही. नाव बदलण्याच्या भागाकडे जा, तो मात्र सगळ्यांना लागू आहे.

नव्या खिडकीचे नियम

टॉमकॅटवाल्यांनी चार गोष्टी बदलल्या. सुट्या टॉमकॅटच्या मूळ सेटिंग फाइलमध्ये एजेपीची खिडकी बंद करून टाकली, हवी असेल त्याने उघडावी. उघडली तरी ती फक्त त्याच मशीनच्या आतल्या बाजूला उघडेल, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर. त्याला लूपबॅक म्हणतात. तिसरं, प्रत्येक चिठ्ठीवर ठरलेली गुप्त खूण हवी. सेटिंगचं नाव सीक्रेट, आणि ती सक्तीची करणारी सीक्रेट-रिक्वायर्ड ही सेटिंग आता मुळातच "हो" वर असते. चौथं, चिठ्ठीवर ओळखीचा नसलेला शेरा असेल तर चिठ्ठी परत.

चारही नियम मला विचाराल तर अगदी शहाणपणाचे आहेत. मार्केट यार्डात आडत्याकडे पट्टीवर सही-शिक्का नसेल तर कोणी पैसे देतं का? पण नियम बदलला त्या दिवशी तुमचा स्वतःचा काउंटरवाला जुन्याच पद्धतीने, खुणेविना चिठ्ठी घेऊन आला. म्हणून साइट बंद पडली. बिघाड कुठे झालेला नाही, कुलूप आपलं काम करतंय. मालकाला आधी एवढंच समजलं तरी डेव्हलपरशी बोलण्याचा सूर बदलतो.

लक्षणावरून रोग

बंद पडणं तीन प्रकारचं असतं आणि हे तुम्ही स्वतः ओळखू शकता.

पहिला प्रकार: ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. लॉगमध्ये असा अर्थाचं वाक्य दिसतं की एजेपी कनेक्टरला सीक्रेट सक्तीचं आहे, पण सीक्रेट रिकामं आहे, ही जोडी चालणार नाही. स्प्रिंग बूटमध्ये यामुळे अख्खं ॲप्लिकेशन थांबतं. सुटा टॉमकॅट असेल तर तो सुरू होतो, फक्त ती एक खिडकी बंद राहते. म्हणून डेव्हलपर म्हणतो "टॉमकॅट तर चालू आहे", आणि गिऱ्हाईक म्हणतं "साइट बंद आहे". दोघंही खरं बोलत असतात!

दुसरा प्रकार: साइटवर ५०३ दिसतं. म्हणजे काउंटरवाला खिडकीपर्यंत गेला, खिडकीच सापडली नाही. काउंटर एका मशीनवर आणि गोदाम दुसऱ्या मशीनवर, किंवा दोन वेगळ्या डॉकर कंटेनरमध्ये असेल तर हे हमखास होतं. कारण खिडकी आता फक्त स्वतःच्या मशीनच्या आत उघडते. पहिल्या प्रकारातल्या सुट्या टॉमकॅटलाही बाहेरून हेच दिसेल, त्यामुळे लॉग बघितल्याशिवाय निदान करू नका.

तिसरा प्रकार: ४०३. खिडकी सापडली, चिठ्ठी आत गेली, पण परत आली. खूण चुकली आहे किंवा पाठवलेलीच नाही. किंवा खूण बरोबर आहे पण अनोळखी शेरा आहे. पुढचा सर्व्हर लॉगिनची किंवा प्रमाणपत्राची जादा माहिती आत पाठवत असेल तर असं होतं. त्यासाठी कोणते शेरे चालतील ते सांगणारी वेगळी सेटिंग आहे. तिथे "सगळे चालतील" असं लिहून मोकळं होणारे महाभाग आहेत. त्यांना तसं करू देऊ नका. नेमका कुठला शेरा हवा तेवढाच लिहायला लावा.

"चालू झालं" चे दोन अर्थ

इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात आधी जो उपाय सापडतो तो एका ओळीचा: सीक्रेट-रिक्वायर्ड "नाही" करा. साइट लगेच चालू होते. ५०३ येत असेल तर दुसरी ओळ: पत्ता ०.०.०.० करा, म्हणजे खिडकी सगळ्या बाजूंना उघडेल. पुन्हा साइट चालू. ही दोन्ही एकत्र केली आणि फायरवॉलही नसेल, तर तुम्ही जवळजवळ अपग्रेडच्या आधी होतात तिथेच आलात. मागच्या बोळात खिडकी उघडी आणि खूण विचारणारं कोणी नाही. वर त्याचं बिलही भरलं.

मग यातलं काहीच कधीच चालत नाही का? तसंही नाही. काउंटर आणि गोदाम एकाच मशीनवर आहेत, खिडकी १२७.०.०.१ वरच आहे, त्या मशीनवर दुसऱ्या कोणाचं काही चालत नाही, तर खूण सक्तीची नसली तरी धोका खूपच कमी असतो. मी तरी खूण ठेवाच म्हणेन, पण अशा ठिकाणी डेव्हलपरने "नाही" केलं म्हणून त्याला लगेच नालायक ठरवू नका. पत्ता ०.०.०.० आणि खूण नाही, ही जोडी मात्र कुठल्याही परिस्थितीत मान्य करू नका.

नीट उपाय म्हणजे खूण दोन्हीकडे द्यायची. टॉमकॅटकडे सीक्रेटमध्ये एक लांब, अंदाज न येणारी अक्षरांची माळ, आणि तीच पुढच्या अपाचेकडे. (दुकानाचं नाव आणि १२३ ही गुप्त खूण नव्हे.) इथे एक अडचण आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. अपाचेमध्ये एजेपी बोलणारे दोन मार्ग आहेत. मॉड-जेके नावाच्या मार्गाला खूण पाठवणं आधीपासून येतं. मॉड-प्रॉक्सी-एजेपीला मात्र ते अपाचे २.४.४२ पासूनच येतं. म्हणजे मागचं गोदाम नवीन आणि पुढचा काउंटर जुना राहिला, तर काउंटरवाल्याला खूण लिहायची सोयच नसते. अशा वेळी डेव्हलपर "सीक्रेट चालत नाहीये" म्हणतो आणि सक्ती काढून टाकतो. त्याला विचारा, पुढच्या अपाचेची आवृत्ती कोणती?

आणखी एक. एजेपीतली चिठ्ठी पाकिटात बंद नसते, उघडीच जाते. खूणसुद्धा उघडीच. म्हणून दोन मशीन्स असतील तर त्यांच्यामधलं नेटवर्क खासगी हवं आणि फायरवॉलमध्ये फक्त त्या एका मशीनला परवानगी हवी. नुसत्या खुणेच्या भरवशावर खिडकी इंटरनेटकडे उघडायची नाही.

खिडकी बुजवून टाकणं

छोट्या धंद्यासाठी माझं मत वेगळं आहे. एजेपीची गरजच काय? तुमच्या ४०-५० ऑर्डर, फार तर दिवाळीत दोन-चारशे. त्या शॉर्टहँडने जो वेळ वाचतो तो तुम्हाला जाणवणारही नाही. ८००९ ची खिडकी विटा लावून बंद करा, आणि पुढच्या सर्व्हरने साध्या एचटीटीपीने ८०८० वर बोलू द्या. सांभाळायला एक कमी, डेव्हलपर बदलला तर नव्यालाही लगेच कळणारं.

फक्त हे बदलताना एक गोष्ट सुटते, आणि ती सुटली की भोगावं लागतं दुकानदाराला. एजेपी गिऱ्हाइकाची माहिती आपोआप आत नेत होतं. साधी एचटीटीपी नेत नाही. गोदामाला वाटतं प्रत्येक मागणी काउंटरवाल्यानेच केली आहे, आणि असुरक्षित मार्गानेच आली आहे. परिणाम? सगळ्या गिऱ्हाइकांचा पत्ता लॉगमध्ये १२७.०.०.१ दिसतो. एखाद्या खोट्या ऑर्डरचा माग काढायचा म्हटलं तर हातात काही लागत नाही. साइट लोकांना कुलपाच्या चिन्हाच्या पत्त्यावरून साध्या पत्त्यावर फेकते. पैसे भरून झाल्यावर परत येण्याचा पत्ता चुकीचा तयार होतो. गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात, ऑर्डर "अपूर्ण" दाखवते, आणि श्रीगोंद्याहून फोन येतो, "पैसे घेतले आणि वस्तू कुठंय?" नाव खराब होतं ते तुमचं, टॉमकॅटचं नाही.

उपाय असा: पुढच्या सर्व्हरने गिऱ्हाइकाचा पत्ता आणि मूळ मार्ग एक्स-फॉरवर्डेड नावाच्या शेऱ्यांमध्ये लिहून पाठवायचा, आणि स्प्रिंग बूटला ते शेरे वाचायला सांगायचं. २.२ पासून त्यासाठी फॉरवर्ड-हेडर्स-स्ट्रॅटेजी ही सेटिंग आहे. त्याआधी यूज-फॉरवर्ड-हेडर्स होती. आणि ८०८० सुद्धा लूपबॅकवरच ठेवायचा. मागचं दार बुजवलं आणि बाजूचं उघडं टाकलं, तर गवंड्याला दिलेले पैसे वाया. शिवाय बाहेरचा माणूस थेट ८०८० वर आला, तर तो ते शेरे स्वतःच्या मनाने लिहून आणेल.

हे सगळं केल्यावर एक खरी ऑर्डर टाका. खरे पैसे भरा, १० रुपयांची का असेना. चाचणीच्या पैशांवर समाधान मानू नका.

नाव बदललं, पत्र पोचलं नाही

आता तो भाग जो एजेपी नसलेल्यांनाही लागू आहे. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पण पाकिटावर जुनं नाव लिहिलं म्हणून पोस्टमन पत्र परत पाठवत नाही. त्याला माहीत असतं. स्प्रिंग बूट असा पोस्टमन नाही. सेटिंगचं जुनं नाव फाइलमध्ये राहिलं तर तो ते वाचतही नाही, तक्रारही करत नाही. सेटिंग नुसती नसल्यासारखी होते.

१.५ वरून २.० ला जाताना, म्हणजे मार्च २०१८ मध्ये, सर्व्हर-कॉन्टेक्स्ट-पाथच्या मध्ये "सर्व्हलेट" हा शब्द आला. ज्यांनी बदललं नाही त्यांच्या साइटचा पत्ताच हलला. कनेक्टर जोडण्याच्या कोडमधल्या क्लासची नावंही त्याच वेळी बदलली. ती मात्र बरी, कारण कोड कंपाइलच होत नाही, चूक लगेच दिसते. २.३ मध्ये टॉमकॅटच्या मॅक्स-थ्रेड्सचं नाव थ्रेड्स-मॅक्स झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ३.० आलं तेव्हा किमान जावा १७ लागू लागलं, जावाएक्सच्या जागी जकार्ता आलं, आतला टॉमकॅट १०.१ झाला, आणि हेडरच्या आकाराच्या मर्यादेचं नावही बदललं. कोड न जुळणं हा दिसणारा त्रास आहे. त्रास होतो तो न दिसणाऱ्याचा: थ्रेड्सची मर्यादा तुम्ही मुद्दाम वाढवून ठेवली होती, नाव जुनं राहिलं, मर्यादा मूळ आकड्यावर आली. चार महिने काही कळत नाही. कळतं ते धनत्रयोदशीला संध्याकाळी सात वाजता.

यावर स्प्रिंग बूटवाल्यांनीच औषध दिलं आहे. प्रॉपर्टीज-मायग्रेटर नावाची एक छोटी जोड आहे. अपग्रेड करताना ती तात्पुरती लावायची. ॲप्लिकेशन सुरू होताना कुठली नावं जुनी आहेत त्याची यादी ती लॉगमध्ये देते. यादी दुरुस्त झाली की ती जोड काढून टाकायची. डेव्हलपरला एवढंच म्हणा, "मायग्रेटर लावून जी यादी आली ती मला पाठवा." यादी रिकामी आली तरी पाठवू द्या.

कधी कधी नाव तेच राहतं, मर्यादाच नवी येते. अलीकडचं उदाहरण जून २०२५ चं. सुरक्षेच्याच कारणाने टॉमकॅट १०.१.४२ मध्ये कनेक्टरवर एक नवी मर्यादा आली: फोटो-फाइल्ससकट भरलेल्या एका फॉर्ममध्ये जास्तीत जास्त १० भाग. लक्षात घ्या, १० फोटो नाही, १० भाग. वस्तूचं नाव हा एक भाग, किंमत एक, एचएसएन कोड एक, जीएसटीचा दर एक, आणि मग प्रत्येक फोटो एकेक. नवीन वस्तू चढवायच्या फॉर्ममध्ये आठ रकाने आणि चार फोटो असतील तर झाले १२. फॉर्म नाकारला जातो. साइट चालू, गिऱ्हाइकांच्या ऑर्डर चालू, फक्त तुमची नवीन वस्तू चढत नाही, आणि कमी फोटो टाकले की चढते! अशा वेळी माणूस मोबाइलच्या कॅमेऱ्याला दोष देतो. पुढच्याच १०.१.४३ मध्ये ही मर्यादा ५० केली. स्प्रिंग बूटमध्ये मॅक्स-पार्ट-काउंट नावाने ती आपल्याला ठरवताही येते. तीही दोन हजार करून ठेवू नका. तुमच्या सगळ्यात मोठ्या फॉर्मचे भाग मोजा, थोडी जागा सोडा, तेवढा आकडा टाका.

मालकाने काय करायचं

अपग्रेड टाळायचं नाही. "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा" हे डिझेल इंजिनाला ठीक, इंटरनेटवर उघड्या असलेल्या दुकानाला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. छोट्या दुकानदाराला कोणी २५० कोटी मागेल असं मी म्हणत नाही, पण गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते बाहेर गेले तर जबाबदारी दुकानाची आहे, डेव्हलपरची नाही. आणि सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे हॅकिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते.

दिवस निवडणं तुमच्या हातात आहे. शिर्डीत लॉजचं बुकिंग साइटवरून घेत असाल तर रामनवमीच्या आठवड्यात नाही. पाथर्डीकडे मोहटादेवीच्या नवरात्रावर धंदा असेल तर तेव्हा नाही. महिन्याच्या मधल्या एखाद्या मंद दिवशी, सकाळी, डेव्हलपर जागा आणि फोनवर असताना. रात्री बारा वाजता अपग्रेड करून झोपणाऱ्याला काम देऊ नका. आधी साइटची दुसरी प्रत वेगळ्या जागी चालवून बघायची आणि जुनी आवृत्ती परत लावायला किती मिनिटं लागतील ते विचारून घ्यायचं. "परत लावायची वेळ येणार नाही" हे उत्तर नव्हे.

काम झाल्यावर दोन पुरावे मागा. एक, सर्व्हरवर कुठल्या खिडक्या उघड्या आहेत त्याची यादी. एसएस नावाची आज्ञा ती देते, एका मिनिटाचं काम आहे. त्यात ८०८० किंवा ८००९ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर खिडकी आतल्या बाजूला आहे. ०.०.०.० किंवा चांदणीचं चिन्ह दिसलं तर सगळीकडे उघडी आहे, आणि मग फायरवॉलचं काय ते विचारा. दोन, बाहेरून तपासणी. दुकानाच्या वायफायवरून नाही. मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप जोडून आपल्याच सर्व्हरचा ८००९ दरवाजा ठोठावून बघायचा. जोडणी झाली नाही पाहिजे. दुसऱ्याच्या सर्व्हरवर हा उद्योग करू नका, तो गुन्हा ठरू शकतो.

आणि कोटेशन घेताना "फ्रेमवर्क अपग्रेड" एवढंच लिहून घेऊ नका. आधीची आणि नंतरची स्प्रिंग बूटची आवृत्ती, आतल्या टॉमकॅटची आवृत्ती, पुढच्या वेब सर्व्हरची आवृत्ती, बदललेल्या सेटिंग्जची यादी, आणि वरचे दोन पुरावे, हे सगळं त्यात लिहून घ्या. चांगला डेव्हलपर यावर चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण नाहीतर या कामाचे पैसे मागताना त्यालाच संकोच वाटत असतो. "एक आकडा तर बदलला" म्हणून घासाघीस करणारे मालकही मी बघतो. त्या एका आकड्यासाठी त्याची रात्र गेलेली असते, त्याचे पैसे द्या.

हा कागद वर्डमध्ये भरता येईल असा नमुना व्हिडिओच्या खाली ठेवला आहे. पुढच्या आठवड्यात बॅकअप: तो घेतला आहे हे कसं तपासायचं, आणि परत लावून बघायचा म्हणजे नेमकं काय करायचं.